एकटीचं घर, एकटीचं कर्ज

रमजानचा चाँद दिसला की आमच्या घरी खजुराच्या डब्याआधी एक वही बाहेर निघते. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. जकातीचा हिशेब तिच्यात होतो. जकात चांद्रवर्षातून एकदा काढायची असते. ती कुठल्याही महिन्यात काढता येते, पण बहुतेक घरांत रमजानच धरतात, कारण या महिन्यात हात जरा सैल होतो. वहीच्या डाव्या पानावर असणं लिहायचं: बँकेतली शिल्लक, ठेवी, सोनं, कुणाला दिलेले उसने. उजव्या पानावर देणं. २०१४ पासून माझ्या उजव्या पानावर एकच मोठी ओळ असायची, गृहकर्ज. यंदा ते पान कोरं आहे. वीस वर्षांचं कर्ज गेल्या वर्षी, बाराव्या वर्षात फिटलं.

हे सांगितलं की शाळेतल्या शिक्षक खोलीत दोन तट पडतात. अर्धे म्हणतात, ‘सुटलात मॅडम.’ उरलेले, आणि त्यांत आमचे गणिताचे सरही आले, म्हणतात, ‘कशाला घाई केलीत? तेच पैसे एसआयपीत टाकले असते तर कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त मिळाले असते.’ सरांचं गणित कागदावर चुकीचं नाही. पण ते दोन पगारांच्या घराचं गणित आहे. एक पगार थांबला तर दुसरा घर ओढतो, हे त्यात न लिहिता धरलेलं असतं. माझ्या घरात पगार एकच. मी आजारी पडले, शाळेची तुकडी बंद झाली, पाय मोडला, तरी हप्त्याची तारीख पाचच राहणार. एकट्या माणसानं, बाई असो की पुरुष, गृहकर्ज लवकर फेडावं की नाही, हा प्रश्न परताव्याचा नाहीच. महिना कोरडा गेला तर काय, हा तो प्रश्न आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: एकट्यानं लवकर फेडावं. मात्र एका अटीवर, आणि ती अट मी चूक करून शिकले.

आधी मुळापासून सांगते. मिरजेत दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा पहिला विरोध घरातूनच झाला. भाईजान म्हणाले, ‘माझं घर तुझं नाही का?’ फुफीला वाटलं, एकटी बाई स्वतःचं घर घेते म्हणजे आता ही लग्नाचं नाव काढणार नाही. बँकेत तिसराच प्रश्न. अर्ज पाहणाऱ्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘मॅडम, सहकर्जदार कोण? मिस्टर?’ मिस्टर नाहीत म्हटल्यावर, ‘मग भाऊ?’ भाऊही नाही म्हटल्यावर फाईल जरा वेळ टेबलावर तशीच पडून राहिली. अखेर माझ्या एकटीच्या पगारावर १५ लाख मंजूर झाले. दर सुमारे दहा टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता १४,४७५ रुपये.

आता अनेक हिंदू मित्रांच्या मनात येणारा आणि मुसलमान मित्र तोंडावर विचारणारा प्रश्न: इस्लाममध्ये व्याज हराम ना? हो, हराम. घेणंही आणि देणंही. राहत्या घराची गरज आणि दुसरा मार्ग नसणं, या अवस्थेत बँकेचं कर्ज घ्यावं का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. मी फतवा द्यायला बसलेली नाही. आपल्याकडे बिनव्याजी बँकिंगची सोय असावी, असं रघुराम राजन समितीनं सुचवलं होतं. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे माझ्यापुढे दोनच वाटा होत्या: जन्मभर भाडं, नाही तर हे कर्ज. मी कर्ज घेतलं, आणि ते मनाला टोचत राहिलं, हे लपवत नाही. अम्मी हप्त्याच्या दिवशी एवढंच म्हणायची, ‘पराया पैसा है बेटी, जल्दी दे डाल.’

गंमत अशी की कर्ज हा शब्द अरबीतून मराठीत आला. बाकी, रक्कम, जमा, वसूल हेही अरबीच. हप्ता फारसी. ‘व्याज’ मात्र अस्सल संस्कृत, आणि संस्कृतात त्याचा एक अर्थ बहाणा, निमित्त असा आहे. शाळेत व्याजोक्ती अलंकार शिकवताना मी मुलांना हे सांगते. तो अलंकार मुलांना कधी समजतो, कधी नाही. मला तो कर्जाचा पहिला वार्षिक उतारा हातात आला त्या दिवशी पुरता समजला.

पहिल्या महिन्याच्या १४,४७५ पैकी १२,५०० रुपये व्याज होतं. मुद्दल कमी झालं १,९७५ रुपयांनी. दर तोच राहिला असं धरलं तर पाच वर्षांत मी ८ लाख ६८ हजार भरणार होते, आणि त्यातून मुद्दल फिटणार होतं अवघं १ लाख ५३ हजार. उरलेलं सगळं निमित्त! यात बँकेनं फसवलं असं काही नाही. समान हप्त्याचं गणितच असं असतं. सुरुवातीला शिल्लक मोठी, म्हणून व्याज मोठं. पण या गणिताची दुसरी बाजू आपल्याला कुणी आपणहून सांगत नाही. पाच वर्षं झाल्यावर त्याच कर्जात एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सत्तावीस हप्ते गळून पडतात. सत्तावीस हप्ते म्हणजे ३ लाख ९० हजार. दरवर्षी फक्त एक हप्ता जादा भरला तरी वीस वर्षांचं कर्ज सुमारे सोळा वर्षांत संपतं. दिवाळीचा ॲडव्हान्स, वेतन आयोगाचा फरक, भिशीचा नंबर, कुठून तरी वर्षात एक जादा हप्ता निघतोच.

जादा भरताना बँक विचारते, हप्ता कमी करायचा की मुदत? एकट्या माणसाला हप्ता कमी करण्याचा मोह होतो, महिना हलका जातो म्हणून. व्याज वाचतं ते मुदत कमी केल्यानं. तसं लिहून द्यावं, पोच घ्यावी, आणि पुढच्या महिन्यात उतारा काढून पाहावा. मुदतीआधी भरल्याबद्दल दंड पडेल, ही भीती अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. तरत्या दराच्या गृहकर्जावर असा दंड लावायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१२ पासून मनाई केली आहे. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाबद्दलची नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलची आहे: कुणी लिहावं, साक्षीदार कोण, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नये. बँकेच्या काउंटरवर पोच मागताना मला ती आयत आठवायची. मागे रांगेतले लोक कुरकुरायचे ते वेगळं.

आता ती चूक. २०१९ मध्ये सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे आले. त्यात मी एक मुदत ठेव मोडून घातली, खात्यातलं होतं नव्हतं ते खरवडलं आणि सव्वा लाख कर्जात भरून टाकले. दोन-चार दिवस हवेत होते. चौथ्या महिन्यात अम्मी न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव, उपचाराला बाहेरगावी जावं लागलं नाही. पण पैसे तर मोजावेच लागले. ज्या बँकेत चार महिन्यांपूर्वी सव्वा लाख भरले, तिच्या दारात मी उभी होते आणि त्यातला एक रुपया मला परत मागता येत नव्हता. कर्जात भरलेला पैसा खात्यात राहत नाही, तो भिंतीत जातो. भिंत विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. अखेर अम्मीच्या पाटल्या गहाण पडल्या, गृहकर्जाहून चढ्या व्याजानं. एक कर्ज कमी करायच्या नादात मी दुसरं, महागडं कर्ज घेतलं. भाईजाननं मदत केली, टोमणा मारला नाही. तो न मारलेला टोमणा मला अजून ऐकू येतो.

तेव्हापासून माझी अट ठरली. सहा महिन्यांचा घरखर्च, हप्ता धरून, वेगळ्या खात्यात. आरोग्य विमा स्वतःचा. घरात वयस्क आई-वडील असतील तर त्यांच्यासाठी निराळी रक्कम, कारण त्या वयात विमा मिळणं अवघड आणि महाग. एवढं बाजूला पडलं की मगच पुढचा रुपया कर्जात. ज्यांना हात बांधून घ्यायची भीती वाटते त्यांच्यासाठी काही बँकांत ओव्हरड्राफ्टसारखं गृहकर्ज मिळतं. जादा पैसे खात्यात ठेवायचे, तेवढ्यावर व्याज पडत नाही आणि लागले तर काढता येतात. दर थोडा जास्त असतो. मला त्याची माहिती उशिरा झाली. शिवाय तसं खातं ज्याचा स्वतःच्या हातावर ताबा आहे त्यालाच परवडतं. दसऱ्याला सेल लागला की काढले पैसे, असं असेल तर साधं कर्जच बरं.

गणिताच्या सरांचा आणखी एक मुद्दा कराचा होता. कर्ज फेडलं तर सवलत जाते, असं ते म्हणतात. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, हे खरं. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती नाही. आणि जुन्या प्रणालीतही शंभर रुपये व्याज भरून वीस-तीस रुपये कर वाचवणं, याला मी तरी कमाई म्हणणार नाही.

२०२० मध्ये कर्ज रेपो दराशी जोडून घेतलं, दर उतरला, बरं वाटलं. मग मे २०२२ पासून रेपो चढू लागला. चार टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा. माझा हप्ता मात्र तेवढाच. मी म्हटलं, वा! पुढच्या रमजानात वही भरायला उतारा काढला तर वर्षभरात बारा हप्ते भरले होते आणि उरलेले हप्ते चारनंच कमी झाले होते. हप्ता न वाढवता बँकेनं मुदत लांबवली होती. कुणाला फोन नाही, विचारणं नाही. मेसेज आला असेल तर तो पिझ्झाच्या आणि निवडणुकीच्या मेसेजांत गेला. ज्यांची निवृत्ती जवळ आहे त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. पेन्शनीतून हप्ता, आणि आमच्यासारख्या २००५ नंतर लागलेल्यांची तर जुनी पेन्शनही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला स्पष्ट कळवा, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम भरायची, हे त्याला निवडू द्या. नियम चांगला आहे. पण निवडायला आधी उतारा वाचावा लागतो. माझ्या ओळखीतल्या किती तरी लोकांनी कर्ज घेतल्यापासून तो एकदाही पाहिलेला नाही. ज्या घरात नवरा-बायको दोघं आहेत तिथं निदान एक जण दुसऱ्याला ‘पाहिलंस का’ म्हणून विचारतो. एकट्याला विचारणारं कुणी नसतं. माझ्यासाठी ते काम रमजाननं केलं. जकातीच्या निमित्तानं वर्षातून एकदा उजव्या पानावर खरा आकडा लिहावाच लागायचा.

त्या आकड्यावरून एक धार्मिक पेचही पडायचा. जकात निसाबावर लागते: ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी बचत वर्षभर असली तर तिच्या अडीच टक्के. राहत्या घरावर जकात नाही. पण डोक्यावर दहा लाखांचं कर्ज असलेल्या माणसाकडे ठेव दोन लाखांची असेल, तर तो देणेकरी की देणारा? काहींच्या मते सगळं कर्ज वजा करावं. मग जकात उरतच नाही. अनेक उलेमा म्हणतात, लांब मुदतीचं कर्ज पूर्ण वजा करू नये, नजीकचे देय हप्तेच करावेत. मी दुसरं मत धरलं. पहिलं सोयीचं होतं, म्हणूनच ते नको वाटलं.

लवकर फेडायचं खरं कारण मात्र व्याजही नव्हतं आणि कोरड्या महिन्याची भीतीही नव्हती. मृत्यू होता. एकट्या माणसाला त्याचा विचार जरा लवकर येतो. इस्लामी वारसा कायद्यात क्रम ठरलेला आहे: आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्र, आणि सगळ्यात शेवटी वारस. कर्ज वारसांच्या आधी येतं. पैगंबर साहेबांबद्दलच्या हदीसमध्ये येतं की जनाजा समोर आला की ते आधी विचारत, या माणसावर काही देणं आहे का? देणं असेल आणि फेडायला मागे काही नसेल तर नमाज पढवायला ते स्वतः थांबत, बाकीच्यांना पढायला सांगत. एकदा अबू कतादा यांनी मृताचं देणं आपल्या अंगावर घेतलं, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. ही हदीस लहानपणी ऐकली होती. कर्ज घेतल्यावर ती वेगळी ऐकू येऊ लागली. माझ्या जनाज्यासमोर हा प्रश्न आला तर उत्तर कोण देणार? पाटल्या गहाण टाकून बसलेली अम्मी?

गेल्या वर्षी शेवटची रक्कम भरली तेव्हा बँकेतल्या मुलीनं अभिनंदन केलं आणि लगेच टॉप-अप लोनचं पत्रक पुढे सरकवलं. तिचीही नोकरीच आहे. मी कागदांचं विचारलं. पूर्ण कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. माझे कागद सव्विसाव्या दिवशी आले. मूळ खरेदीखत, इंडेक्स टू, पावत्या. यादी लावून एकेक पान मोजून घेतलं. काम तिथं संपत नाही. बँकेचा ‘नो ड्यूज’ दाखला सोसायटीत देऊन तिथली बोजाची नोंद काढायची. गहाणखताची किंवा सूचनेची नोंद दुय्यम निबंधकाकडे असेल तर ती रद्द झाली का पाहायचं, मालमत्ता पत्रकावर बोजा असेल तर तोही. सेरसाई या केंद्रीय नोंदणीतून बोजा उतरवणं बँकेचं काम, पण उतरला का हे आपण तपासायचं. महिना-दोन महिन्यांनी सिबिलमध्ये खातं ‘बंद’ दिसतं का, तेही. हे सगळं करायला मला चार रजा टाकाव्या लागल्या. दोघं असती तर दोन-दोन वाटून घेतल्या असत्या.

तर यंदा उजवं पान कोरं आणि डावं पान जरा भरलेलं. हप्त्याचे पैसे दर महिन्याला उरत गेले, म्हणून जकातीचा आकडाही वाढलाय. जकात कुणाला द्यावी याचे आठ वर्ग कुरआननं सांगितलेत आणि त्यातला एक कर्जात बुडालेल्यांचा आहे. अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड द्या, आणि सोडूनच दिलंत तर ते अधिक चांगलं, असंही सांगितलं आहे. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची सावकारीची खतं इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. ती कथा मी पाचवीच्या वर्गात सांगते तेव्हा ही आयत मनात असते. आमच्या मोहल्ल्यात मात्र रमजानात दारावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर दहा-वीस रुपये टेकवायचे आणि जकात निघाली म्हणायचं, ही रीत पडली आहे. इफ्तार पार्ट्यांच्या कमानी दरवर्षी उंच होतात. त्याच कमानीखालून बचत गटाच्या नाही तर मायक्रोफायनान्सच्या हप्त्यासाठी धावणाऱ्या बायका जातात. माझा हप्ता चुकला असता तर बँकेचं पत्र आलं असतं. त्यांचा चुकला तर गटातल्या नऊ जणी दारात येतात. शंभर जणांना वीस-वीस रुपये देण्याऐवजी एका घराचं एक देणं पुरतं मिटवावं, असं मला वाटतं. जकात बहुतेकांच्या मते मुस्लिम गरजूंसाठीच आहे. सदक्याला ती अट नाही, तो कुणालाही देता येतो. गल्लीत अशी घरं दोन्हीकडची आहेत.

आमच्या मागच्या गल्लीत साड्यांना पिको-फॉल करणारी एक विधवा राहते. तिच्या मशीनवर कर्ज आहे, आणि शिल्लक मी तिच्याच हप्त्याच्या कार्डावर पाहिली आहे. माझ्या यंदाच्या जकातीत ती बसते. घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगावं लागत नाही, ही मला या सगळ्यातली सगळ्यात चांगली सोय वाटते. तिचा हप्ता सोमवारी असतो. रविवारी इफ्तारनंतर जाऊन यायचं आहे.